किमो, मुंग्या आणि पायातून निसटणारी चप्पल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. रक्ताच्या कर्करोगाचे पेशंट माझ्याकडे येतात तेव्हा आजार तर त्यांना तोंडपाठ झालेला असतो. काउंट (रक्तातल्या पेशींची मोजणी) किती, ब्लास्ट (कर्करोगाच्या अपक्व पेशी) किती, सगळं फाईल न उघडता सांगतात. तळपायाला मुंग्या येतात हे मात्र सांगत नाहीत. विचारलं की म्हणतात, “एवढं काय त्यात, जीव वाचतोय ना!” खालचे प्रश्न किमोच्या डे-केअरच्या बाकावर, लिफ्टपाशी, कधी फोनवर विचारले गेलेले आहेत. डोस ठरवणं माझं काम नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं. पण त्यांना काय आणि कधी सांगायचं, ते मी नक्की सांगू शकते.

मॅडम, चालताना पायातून चप्पल निसटते आणि कळतही नाही. हे किमोमुळेच का?

तुमच्या किमोत व्हिंक्रिस्टिन असेल तर बहुतेक त्यामुळेच. अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे ज्याला सगळे ‘ए-एल-एल’ म्हणतात, त्याच्या उपचारात हे औषध जवळपास सगळ्यांना मिळतं. सुरुवातीच्या महिन्यात आठवड्यातून एकदा, असे साधारण चार डोस असतात.

पेशीचं विभाजन होताना तिच्या आत सूक्ष्म नळ्यांचा सांगाडा उभा राहतो. व्हिंक्रिस्टिन तो उभाच राहू देत नाही, म्हणून कर्करोगाची पेशी मरते. अडचण अशी की नसांनाही याच नळ्या लागतात, पण वेगळ्या कामासाठी. कंबरेतून निघालेली नस अंगठ्यापर्यंत जाते. तिचं पोषण वरून खाली याच नळ्यांवरून वाहून नेलं जातं. वाट मोडली की सगळ्यात आधी शेवटच्या गावाचा पुरवठा थांबतो, म्हणून लांब नसा आधी दुखावतात. आधी पायाची बोटं, मग तळवा, मग हाताची बोटं. मोजे आणि हातमोजे घातल्यासारखा बधिरपणा असं पेशंट सांगतात, त्याचं कारण हेच.

चप्पल निसटणं ही मी सगळ्यात गंभीरपणे घेत असलेली खूण आहे. मुंग्या कमी-जास्त होतात, पण अंगठ्याची पकड गेली की तिथली नस खरोखर कमकुवत झालेली असते.

मला ए-एम-एल आहे. मलाही हे होणार का?

ए-एम-एल, म्हणजे अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, हा रक्ताच्या कर्करोगाचा दुसरा प्रकार. त्याच्या नेहमीच्या उपचारात व्हिंक्रिस्टिन नसतं, त्यामुळे हातापायांच्या मुंग्यांचा प्रश्न बराच कमी. पण मोठ्या डोसमध्ये सायटाराबिन मिळत असेल तर लहान मेंदूवर परिणाम होऊ शकतो: बोबडं बोलणं, झोकांड्या जाणं, अक्षर बिघडणं. म्हणूनच काही वॉर्डात प्रत्येक डोसआधी नर्स कागदावर सही करायला लावतात. हा कारकुनी सोपस्कार नव्हे. कालची सही आणि आजची सही शेजारी ठेवली की हात सांगतो. वय जास्त असेल किंवा किडनीचं काम मंद असेल तर हा धोका वाढतो.

ए-एम-एलच्याच ए-पी-एल या उपप्रकारात आर्सेनिक ट्रायऑक्साइड देतात, त्याने मात्र मुंग्या येऊ शकतात. ए-एल-एलच्या टी-सेल प्रकारात कधी नेलाराबिन वापरतात. त्यात नसांवरचा परिणाम तीव्र असू शकतो, म्हणून त्या दिवसांत पायांतली ताकद कमी झाल्यासारखी वाटली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

डॉक्टरांना सांगितलं तर ते किमो कमी करतील. मग आजार परत आला तर?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि तोही हळू आवाजात. एक पंचेचाळिशीचे काका दीड महिना काहीच बोलले नाहीत. आले तेव्हा पायऱ्या चढताना कठडा दोन्ही हातांनी धरत होते आणि पाऊल जमिनीवर फट्कन आपटत होतं. त्या टप्प्यावर डॉक्टरांपुढे एक डोस गाळण्याशिवाय फारसा मार्ग उरला नाही. आधी सांगितलं असतं तर कदाचित वेगळं ठरलं असतं.

नुसत्या मुंग्यांसाठी सहसा कोणी डोस कापत नाही. आजार बरा करणारं औषध आहे, ते हलक्या हाताने सोडत नाहीत. पण मुंग्यांकडून बधिरपणाकडे, बधिरपणाकडून अशक्तपणाकडे गाडी किती वेगाने चालली आहे हे कळलं तर डॉक्टरांकडे वेळ असतो. पुढचा डोस थोडा कमी करायचा, थोडा पुढे ढकलायचा की चालू असलेलं दुसरं एखादं औषध बदलायचं, हे ते ठरवू शकतात. प्रौढांमध्ये एका वेळचा डोस बहुतेक ठिकाणी २ मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत, तेही नसांच्याच काळजीपोटी. लपवून ठेवलं तर निर्णय आजार घेतो, डॉक्टर घेत नाहीत.

नेमकं काय सांगायचं? “बरं वाटत नाही” म्हटलं की पुढचा पेशंट आत येतो.

‘बरं वाटत नाही’ने काहीच कळत नाही. रोजच्या कामातली खूण सांगा. शर्टाचं बटण लागत नाही. मंगळसूत्राचा हूक लागत नाही. सुईत दोरा जात नाही. भाकरी भाजताना तव्याचा चटका उशिरा लागतो. खिशातलं नाणं की किल्ली ते न बघता ओळखता येत नाही. अंधारात न्हाणीघरात तोल जातो. ही एकेक गोष्ट डॉक्टरांना दहा मिनिटांच्या तपासणीइतकी माहिती देते.

घरी एक चाचणी करता येते: बोटं वर उचलून फक्त टाचांवर पाच-सहा पावलं चाला, शेजारी कोणीतरी उभं राहिलेलं असू द्या. मागच्या आठवड्यात जमत होतं आणि आज जमत नाही, तर आजच फोन करा, पुढच्या अपॉइंटमेंटला नको.

मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याला मुंग्या म्हणजे काय हे सांगताच येत नाही.

लहान मुलं सांगत नाहीत, वागण्यातून दाखवतात. अचानक कडेवर घे म्हणतात. जिना चढायचा टाळतात. पळताना सारखी पडतात. घरात चालताना पावलांचा फटफट आवाज येतो. ‘लाड चाललेत’ म्हणून आजी त्याला दटावते आणि बिचाऱ्याचा पाय खरंच वर उचलत नसतो. त्याला फूट ड्रॉप म्हणतात.

पण एक गल्लत नेहमी होते. याच काळात मुलांना प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन ही स्टिरॉइड्स चालू असतात, आणि स्टिरॉइडने मांड्यांचे, कंबरेचे स्नायू अशक्त होतात. अशा मुलाला जमिनीवरून उठताना हात गुडघ्यांवर टेकवत, स्वतःच्याच अंगावर चढत उठावं लागतं. व्हिंक्रिस्टिनचा त्रास घोट्याखाली, स्टिरॉइडचा मांडीत. दोन्ही एकदम असू शकतात. म्हणून व्हिडिओ काढा: एक चालतानाचा, एक जमिनीवरून उठतानाचा. मोबाईलवरचे ते वीस सेकंद मला पानभर वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

किशोरवयीन मुलगा कंबरेत किंवा जांघेत दुखतं म्हणत लंगडत असेल तर ते नसांचं समजू नका. स्टिरॉइडमुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो, त्याला एम-आर-आय लागतो.

पहिल्या डोसनंतर जबडा इतका दुखला की भाकरी चावता येईना. दाताच्या डॉक्टरकडे जाऊ का?

नको. व्हिंक्रिस्टिननंतर जबड्याचं दुखणं ओळखीचं आहे. पहिल्या डोसनंतर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू होतं आणि बहुतेकदा काही दिवसांत जातं. मऊ भात, खिचडी, पेज घ्या आणि वेदनेचं औषध डॉक्टरांना विचारून. काउंट कमी असताना दाताला हात लावू देऊ नका.

कधी पापणी खाली येते, आवाज घोगरा होतो. आवाज बसला आहे आणि श्वास घेताना घरघर होते, तर तडक कॅज्युअल्टीत.

पाच दिवस पोट साफ नाही. त्याचा नसांशी काय संबंध?

थेट संबंध आहे. आतड्यांनाही नसा असतात आणि व्हिंक्रिस्टिन त्यांनाही सोडत नाही. पण पोटाचं बोलायला लोक लाजतात, विशेषतः राउंडला सहा-सात डॉक्टर उभे असताना. मग मुंग्यांपेक्षाही मोठा त्रास इथे होतो. आतडं पूर्ण थंडावलं तर पोट फुगतं, वायूही सरत नाही, उलट्या सुरू होतात. ती इमर्जन्सी असते.

पोट साफ होण्याचं औषध त्रास सुरू होण्याआधीच, डोसच्या दिवसापासून द्यावं असा बऱ्याच डॉक्टरांचा प्रघात आहे. तुम्हाला लिहून दिलं नसेल तर मागा. इसबगोल घ्यायचं तर भरपूर पाण्याबरोबर, नाहीतर मंदावलेल्या आतड्यात ते घट्ट गोळा होऊन बसतं. आणि एक गोष्ट कटाक्षाने टाळा: काउंट कमी असताना घरच्या घरी एनिमा किंवा गुदद्वारातून गोळी नाही. तिथल्या बारीकशा जखमेतून जंतुसंसर्ग रक्तात जातो. लघवी अडत असेल तर तेही सांगा, तीही याच औषधाची करामत असू शकते.

काही जणांना काहीच होत नाही, मला एवढं का?

काही कारणं हातातली नाहीत. एकूण डोस, वय, यकृताची अवस्था, शरीर औषध किती वेगाने मोडतं ते. व्हिंक्रिस्टिन यकृतातून बाहेर पडतं, म्हणून बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते) वाढलेलं असेल तर डॉक्टर डोस कमी करतात.

पण दोन कारणं तुम्ही सांगितल्याशिवाय कोणाला कळणार नाहीत. पहिलं, बुरशीवरची औषधं: इट्राकोनाझोल, व्होरिकोनाझोल, पोसाकोनाझोल. व्हिंक्रिस्टिन मोडणारं यकृतातलं यंत्रच ती बंद पाडतात आणि औषध शरीरात जास्त वेळ, जास्त प्रमाणात राहतं. किमोच्या डॉक्टरांना हे माहीत असतंच. गावाकडच्या डॉक्टरने नायट्यासाठी म्हणून इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल लिहून दिल्या तर किमोवाल्यांना ते कोण सांगणार? आपल्याकडे त्या कॅप्सूल नायट्यासाठी सर्रास दिल्या जातात, म्हणून मी प्रत्येकाला विचारते.

दुसरं, घराण्यातला आजार. कोणाचे पाय लहानपणापासून उंच कमानीचे, पिंडऱ्या बारीक, चालणं पाय उचलून टाकल्यासारखं असेल तर चार्को-मारी-टूथ नावाच्या आनुवंशिक आजाराची शंका असते. अशा माणसाला व्हिंक्रिस्टिनच्या एक-दोन डोसांतच भयंकर लुळेपणा येऊ शकतो. पहिल्या डोसच्या आधी सांगायची ही माहिती आहे. “आमच्या काकांचे पाय तसेच होते” हे वाक्य मी एकदा चौथ्या डोसनंतर ऐकलं.

मधुमेह आहे, शिवाय शाकाहारी आहे. बी-१२ घेऊ?

आधी तपासा. शाकाहारी माणसांत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत बी-१२ची कमतरता आपल्याकडे सर्रास सापडते, आणि ती स्वतःच नसा बिघडवते. कमी निघालं तर भरून काढायलाच हवं. पण पातळी चांगली असताना ढीगभर घेऊन किमोची इजा टळते असं नाही.

मेडिकलवाल्याने दिलेल्या ‘नसांच्या गोळ्या’ मनाने वाढवू नका. त्यात बी-६ असतं, आणि बी-६ मोठ्या प्रमाणात दीर्घकाळ घेतलं तर मुंग्या आणि बधिरपणा त्यानेच येतो. अ‍ॅसिटिल-एल-कार्निटिनचंही तसंच. ते नसांना चांगलं म्हणून विकलं जातं, पण स्तनाच्या कर्करोगाच्या किमोवर असलेल्या स्त्रियांच्या अभ्यासात, २०१३ साली, ते घेणाऱ्यांचा त्रास उलट वाढलेला दिसला.

मग औषध काहीच नाही?

बधिरपणा घालवणारी गोळी नाही. जळजळ, चमका, वेदना असतील तर आहे. अमेरिकी कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२० साली सुधारलेल्या मार्गदर्शिकेत वेदनेसाठी शिफारस केलेलं एकच औषध आहे, ड्युलोक्सेटिन, आणि त्याचा पुरावा प्रौढांचा, तोही इतर किमो-औषधांच्या पेशंटांचा. गॅबापेंटिन, प्रीगाबालिन डॉक्टर वापरतात, मुलांमध्ये गॅबापेंटिन जास्त. काहींना फरक पडतो. झोप येते, तोल जातो, हे लक्षात ठेवून पहिली गोळी रात्रीची.

आयुर्वेदिक भस्म घेतलं तर?

किमो चालू असताना नाही. धातू असलेल्या काही औषधांत शिसं किंवा आर्सेनिक सापडतं आणि दोन्ही नसांचे शत्रू आहेत. शिशाने तर मनगट लुळं पडतं. जे घेताय ते डबीसकट डॉक्टरांना दाखवा. रागावतील, पण रागावून घ्या.

अंगणातली सदाफुली खाल्ली तर? औषध त्यातूनच काढतात म्हणे.

काढतात, खरं आहे. आणि गोष्ट मजेशीर आहे. जमैकात मधुमेहावर सदाफुलीच्या पानांचा काढा घेत असत. १९५०च्या दशकात कॅनडातले रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी ती पानं तपासली. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी उतरल्या. त्यातून आधी व्हिनब्लास्टिन मिळालं. व्हिंक्रिस्टिन त्याचाच भाऊबंद, १९६३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आपल्याकडेही सकाळी उठून मधुमेहासाठी सदाफुलीची पानं चावणारे आहेत, तेव्हा हा योगायोग मला फार गमतीचा वाटतो.

पण पानात व्हिंक्रिस्टिन अगदी नगण्य असतं आणि त्याच्यासोबत दुसरी कितीतरी द्रव्यं असतात. किमोवर असलेल्या माणसाने ती चावणं म्हणजे माप न घेता विष पिणं. फुलं देवाला वाहा.

हे औषध पाठीतून देतात का?

कधीच नाही. व्हिंक्रिस्टिन फक्त शिरेतून. पाठीतून मिळतं ते बहुतेक मेथोट्रेक्सेट. व्हिंक्रिस्टिन चुकून मणक्यात गेलं तर जवळपास नेहमीच जीव जातो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितलं की ते सिरिंजमध्ये नव्हे, छोट्या सलाईनच्या पिशवीत भरून द्यावं. पिशवी पाठीत टोचताच येत नाही. पाठीच्या इंजेक्शनच्याच दिवशी व्हिंक्रिस्टिनही असेल तर “हे कोणतं, कुठून जाणार?” एवढं विचारायला संकोचू नका. चांगल्या नर्सला राग येत नाही.

पाठीतल्या मेथोट्रेक्सेटनंतर काही दिवसांनी एक बाजू लुळी पडणं किंवा बोलणं बंद होणं असं क्वचित होतं, मोठ्या मुलांत थोडं जास्त. बहुतेकदा ते उतरतं, पण ते ठरवायला हॉस्पिटलच हवं.

सलाईन चालू असताना हात जळजळला तर?

लगेच ओरडा. व्हिंक्रिस्टिन शिरेबाहेर गेलं तर मांस जाळतं. चोळू नका, सुई स्वतः उपटू नका.

तळपाय बधीर आहेत, गरम पाण्यात बुडवून ठेवू का?

नाही. बधीर पायाला पाणी किती तापलंय ते कळत नाही, आणि फोड आल्यावर कळून उपयोग नाही. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाचं पाणीसुद्धा दुसऱ्याच्या कोपराने बघून घ्या. गरम पिशवी नाही, विटेचा शेक नाही. तेलाने हलका हात फिरवायला हरकत नाही, पण रगडून मालीश नको. प्लेटलेट्स कमी असतात, काळंनिळं पडतं.

चपलेऐवजी मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट. मऊ तळ, पण फार जाड नाही, नाहीतर जमीन आणखी कळेनाशी होते. उन्हाळ्यात देवळाच्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालू नका. पायमोजे घालून गेलात तर पुजारी काही म्हणणार नाहीत, मी विचारून बघितलंय. रोज रात्री तळवे, बोटांच्या बेचक्या बघायच्या. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा. रात्री न्हाणीघरापर्यंत दिवा लावून ठेवा, कारण ज्याला पायाने जमीन कळत नाही तो डोळ्यांनी तोल सांभाळतो. आणि प्लेटलेट्स वीस हजार असताना डोक्यावर पडणं म्हणजे काय, ते इथे लिहीत नाही.

व्यायाम कोणता?

तुमच्या फिजिओने बघून सांगायला हवा, पण साधारण असा. बसून पाय लांब करायचा, तळव्याला टॉवेल अडकवून पाऊल स्वतःकडे ओढायचं, तीस सेकंद धरायचं. फूट ड्रॉप असलेल्या मुलांत टाचेची शीर आखडते. ती एकदा आखडली की नस सुधारूनही मूल चवड्यावरच चालतं, म्हणून हा ताण दिवसातून तीन-चार वेळा, न चुकता. ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं. हातासाठी कणीक मळणं, राजमा एकेक उचलून डब्यात टाकणं, कपड्यांचे चिमटे लावणं. पाऊल वर उचललंच जात नसेल तर घोट्याचा स्प्लिंट (आधाराची पट्टी) करून देतो. मुलं तो घालत नाहीत. क्रिकेटपटूंची स्टिकर लावली की घालतात.

ताप असेल, काउंट फार खाली असतील त्या दिवशी सुट्टी.

स्कूटर चालवू?

ब्रेकवर नेमका किती दाब पडतोय हे कळत नाही तोवर नको.

मुलीची दहावी आहे. पेन धरवत नाही.

शाळेला आत्ताच पत्र द्या, परीक्षेच्या आठवड्यात नको. डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडून लेखनिक किंवा जादा वेळ मागा. ‘चाळीस टक्के अपंगत्व नाही’ म्हणून कोणी परत पाठवलं तर हे माहीत असू द्या की हाताच्या दुखण्यामुळे लिहिता न येणाऱ्या एका परीक्षार्थीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली लेखनिकासाठी ती अट लागू होत नाही असंच म्हटलं आहे. जाड पकडीचं पेन, पेनावर गुंडाळलेलं रबर, याने रोजच्या वहीचं काम भागतं.

हे बरं होतं का? खरं सांगा.

बहुतेकांचं बरंच सुधारतं. मुलांचं जास्त, मोठ्यांचं सावकाश. तुटलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. गुडघ्यापासून अंगठ्यापर्यंतचं अंतर स्वतःच मोजा, म्हणजे महिने का लागतात ते कळेल. औषध थांबल्यावरही काही आठवडे त्रास वाढत राहू शकतो, त्याने घाबरून जाऊ नका. काहींच्या घोट्याचे रिफ्लेक्स (डॉक्टरांनी हातोडी मारल्यावर पाऊल आपोआप हलणं) परत येत नाहीत, त्याने रोजच्या जगण्यात अडत नाही. काहींना बोटांचा थोडा बधिरपणा राहतोच, आणि ‘वर्षभरात सगळं जाईल’ असं मी आता कोणाला सांगत नाही.

उपचार संपून तीन वर्षं झाली. आता कोणाला सांगायची गरज आहे का?

आहे. पुढे कधी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर ‘व्हिंक्रिस्टिन मिळालं होतं, पायात इतका त्रास झाला होता’ हे सांगा. मधुमेह निघाला तर आणखी जरूर, कारण तो त्याच नसांच्या मागे लागतो. फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवा. ते दीड महिना गप्प बसलेले काका आता तसंच करतात. परवा फॉलोअपला आले, बुटात होते. फाईल टेबलावर ठेवली आणि विचारायच्या आधीच टाचांवर चालून दाखवलं.